हंगामी लिंबर्ट

लिंबर्ट सुरिता विद्यापीठाच्या कारभारात शिरला तो दाराला कुलूप लागल्यामुळे. त्या दिवशी कुलगुरूंच्या इमारतीत त्याचं काम होतं एवढंच की जीपच्या परवानगीवर एक सही घ्यायची. आम्ही दोघं तेव्हा वनस्पतिशास्त्र विभागात नवे होतो. मी शिकवायला होते आणि त्याच्याकडे हर्बेरियम होतं, म्हणजे डोंगरातून आणून दाबून वाळवलेल्या झाडपाल्याचा संग्रह, लोखंडी कपाटांत रचून ठेवलेला. तो त्या संग्रहाचा अभिरक्षक होता आणि हे पद मिरवायचाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हाला वरच्या धुक्याच्या जंगलात जायचं होतं. मी झाडं दाबायला रद्दीचे गठ्ठे बांधून ठेवले होते. सही तेवढी राहिली होती.

सही करणारा साल्तेन्या खायला गेला होता. सकाळचे दहा वाजले की आमचं सगळं विद्यापीठ रस्सा भरलेल्या त्या करंज्या खायला बाहेर पडतं, आणि शर्टावर रस्सा न सांडता ती करंजी संपवण्यात जेवढं डोकं लावतं तेवढं उरलेल्या दिवसात कशातच लावत नाही. लिंबर्ट बाकावर वाट बघत बसला. तेवढ्यात विद्यार्थ्यांनी इमारत ताब्यात घेतली. यात नवल काही नव्हतं, दर एक-दोन वर्षांनी घेतातच. दाराला साखळी घातली, आत सापडले ते आत राहिले.

भांडण विद्याशाखेच्या सचिवावरून होतं. तो गेला पाहिजे यावर तीन दिवसांनी सगळ्यांचं एकमत झालं, पण त्याच्या जागी कोण यावर होईना. प्राध्यापकांनी नाव सुचवलं की विद्यार्थी टेबलं आपटायचे, विद्यार्थ्यांनी सुचवलं की प्राध्यापक उठून उभे राहायचे. शेवटी कोणीतरी कोपऱ्यातल्या बाकाकडे बोट दाखवून विचारलं, "तो कोण बसलाय?" कोणालाच माहीत नव्हतं. ज्याला कोणी ओळखत नाही त्याच्याविरुद्ध कोणाची तक्रारही नसते, म्हणून तोच ठरला.

दाढी वाढलेली, डोळे लाल, असा तो मला फाटकाशी भेटला.

"हंगामी आहे गं," तो म्हणाला. "कार्निव्हलपर्यंतच. कार्निव्हल झालं की मी परत."

"आणि जीप?"

"जीपवर आता मीच सही करायची आहे." आणि खिशातून कागद काढून त्याने तिथेच भिंतीवर धरून सही केली. लिंबर्टची कारभारातली ती पहिली सही. आम्ही डोंगरावर गेलो, तो गेला नाही.

हे घडलं त्याला वीसहून जास्त वर्षं झाली. तेवढी कार्निव्हलं आली आणि गेली.

आमच्याकडे नियम असा आहे की माणूस हंगामी असेपर्यंत त्याची मूळ जागा त्याचीच राहते. कायम झाला, हात वर करून शपथ घेतली, की मूळ जागा सुटली. लिंबर्टने हा नियम गोचिडासारखा धरून ठेवला. विद्याशाखेचा हंगामी सचिव झाला, मग हंगामी परीक्षा-प्रमुख, मग हंगामी शैक्षणिक संचालक, आणि शेवटी अख्ख्या विद्यापीठाचा हंगामी सरचिटणीस. प्रत्येक सहीखाली 'हंगामी' हा शब्द तो स्वतःच्या हाताने लिहायचा, आणि कोणी कायम करायची गोष्ट काढली की लाजून हात जोडायचा. लोक म्हणायचे, काय साधा माणूस, खुर्चीचा मोह नाही. मला हसू यायचं. खुर्चीवर वीस वर्षं बसून मोह नाही म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कुलगुरू येत होते, निवडून येत होते, पडत होते, एक तर मागच्या दाराने पळाला. लिंबर्ट सगळ्यांना हवा असायचा, कारण तो नाही म्हणायचा नाही आणि करायचाही नाही. एकमेकांशी न बोलणारे दोन डीन पदवीदानाला आले तर मधे खांब येईल अशा खुर्च्या त्यांना देण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. विद्यार्थी ओरडत आले की तो त्यांना कॉफी पाजायचा आणि त्यांचंच म्हणणं त्यांना पुन्हा हळू आवाजात वाचून दाखवायचा, की अर्धा जोर तिथेच जायचा. कोणतंही प्रकरण असो, भिजत घोंगडं पडावं तर लिंबर्टच्या खोलीत. मी हे कौतुकाने सांगत नाही. कारभार सांभाळणं म्हणजे हेच असेल तर तो सांभाळत होता आणि उत्तम सांभाळत होता.

त्याच्या खोलीच्या दारामागे डोंगरात घालायचे बूट ठेवलेले असायचे. त्या पहिल्या दिवशी पायात होते तेच. येणाऱ्या प्रत्येकाला तो ते दाखवायचा. "मी मूळचा डोंगरातला माणूस," म्हणायचा. "बूट तयार आहेत. इथलं जरा निस्तरलं की निघालो." आणि त्याची कार्यालयातली सेक्रेटरी, दोन्या एमिलियाना, अधूनमधून ते पॉलिश करून ठेवायची. चालत होते तेव्हा त्या बुटांना एवढी चकाकी कधी नव्हती.

हा सगळा तमाशा लिंबर्टपुरता असता तर मी हसून सोडून दिला असता. पण खाली हर्बेरियमला अभिरक्षक नव्हता. नव्हता कसा, होता, वर सरचिटणीसाच्या खोलीत बसलेला. जागा भरलेली असल्यामुळे दुसरा माणूस नेमता येईना. वीस वर्षं मी आपला वर्ग सांभाळून ती कपाटं झाडली, डांबरगोळ्या बदलल्या, छत गळायला लागलं की प्लास्टिक अंथरलं. मला त्या कामाचा ना हुद्दा होता ना सुट्टी. अलीकडे माझीच विद्यार्थिनी सुल्मा मदतीला यायची. पोरीची नजर अशी की वाळलेल्या पानाचा तुकडा बघून झाड सांगावं. तिला काही मिळत नव्हतं. सांताक्रूझची एक सोयाबीनवाली कंपनी तिला बोलावत होती, आणि तिच्या आईने घरी तगादा लावला होता.

एकदाच लिंबर्ट खाली आला होता, परदेशी पाहुण्यांना संग्रह दाखवायला. मी एक कपाट उघडून त्याचाच एक नमुना पुढे केला. पिवळट फुलांची वेल, त्यानेच एका ओढ्याशी गोळा केलेली, त्या काळी महिनाभर तो तिच्याबद्दलच बोलायचा. तो बराच वेळ बघत राहिला.

"हे... आपल्या वरच्या पट्ट्यातलं ना?" तो म्हणाला.

"नाव सांग की पाहुण्यांना."

त्याने घड्याळात बघितलं, सभा आहे म्हणाला आणि गेला. तेव्हा मला कळलं की हा परत येणार नाही. त्यालाही त्याच दिवशी कळलं असावं. मग मात्र तो बुटांबद्दल आणखीच बोलायला लागला.

आणि गेल्या वर्षाच्या शेवटी आमचे कुलगुरू, इंजिनियर फ्रोइलान, यांना खोली हवी झाली. विद्यापीठाची प्रतिमा सुधारण्यासाठी एक नवं कार्यालय निघत होतं, त्याला मोठ्या खिडक्या हव्या होत्या, आणि मोठ्या खिडक्या हर्बेरियमला होत्या. आदेश निघाला: ज्या संग्रहाला सत्राच्या पहिल्या दिवशी हजर अभिरक्षक नसेल, तो खोक्यांत भरून जुन्या बिअरच्या गोदामात हलवावा. त्या गोदामाच्या भिंतींना हात लावला तर हात ओला होतो. तिथे एक पावसाळा काढला की शंभर वर्षांचा झाडपाला म्हणजे बुरशी. सत्र कार्निव्हलनंतर सुरू होणार होतं. आदेशावर सही होती लिंबर्ट सुरिता, हंगामी.

मी तडक वर गेले.

"एक तर खाली ये, नाहीतर जागा सोड," मी म्हणाले. "दोन्हीपैकी काहीही चालेल मला. तू आलास तर संग्रह वाचतो, तू गेलास तर सुल्माला नेमता येतं आणि संग्रह वाचतो."

"अगं नील्दा, बस तरी."

"बसायला आले नाही."

"मी येणारच आहे ना परत."

"कधी?"

त्याने दारामागच्या बुटांकडे बघितलं. "कार्निव्हल झालं की."

"कार्निव्हल झालं की खोली जाणार आहे. आदेश वाचलास का स्वतःचा?"

"सही माझी आहे. निर्णय माझा नाही."

"हे दारावर पाटी करून लाव. खाली हंगामी लिही."

दोन्या एमिलियाना टायपिंग थांबवून ऐकत होती. लिंबर्टने मला कॉफी मागवली. मी प्यायले नाही, कारण त्या कॉफीचं पुढे काय होतं ते मला माहीत होतं.

तो जागा सोडणार नव्हता. सोडली तर तो कोण उरणार? एक कारकून, बरा पगार असलेला. आणि खाली येणार नव्हता, कारण खाली आला तर पहिल्याच दिवशी सुल्मासमोर उघडा पडणार होता. मधल्या मधे तो कायमचा येऊ घातलेला माणूस होता, आणि ते त्याला फार सुखाचं होतं. या सुखापायी कपाटं गोदामात जाणार होती.

मग मी ठरवलं की याला कायम करायचं.

इंजिनियर फ्रोइलानना झाडपाल्याचं काही पडलेलं नव्हतं, पण येत्या वर्षी निवडणूक होती, आणि आमच्याकडे कुलगुरूला कर्मचाऱ्यांचीही मतं लागतात. मी त्यांच्या खोलीत गेले आणि खिडक्यांचा विषयच काढला नाही.

"इंजिनियर," मी म्हणाले, "कर्मचारी संघात कुरबूर चालू आहे. लिंबर्टला वीस वर्षं हंगामी ठेवलं, म्हणतात. आज त्याला, उद्या आम्हाला."

"पण त्यालाच नको असतं."

"ते तुम्हाला माहीत. त्यांना एवढंच दिसतं की कोणी त्याला कायम करून त्याच्या गळ्यात हार घातला नाही."

त्यांनी जरा विचार केला. मतांचा विचार ते पटकन करतात. "कार्निव्हलच्या शुक्रवारी, चाल्याच्या पूजेला घातला तर?" ते म्हणाले. "सगळे असतात."

"मला नाही सुचलं," मी म्हणाले.

ठराव करायला सभा घ्यायची तर सभेचं इतिवृत्त लिंबर्टच लिहिणार. म्हणून त्या संध्याकाळी त्याला एका डीनच्या सासऱ्याच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेला विद्यापीठातर्फे पाठवलं. तो गेला, पहिल्या बाकावर बसला आणि वेळेवर रडलासुद्धा, असं ऐकलं. इकडे ठराव झाला. इतिवृत्त दोन्या एमिलियानाने लिहिलं.

कार्निव्हलच्या शुक्रवारी आमच्याकडे प्रत्येक कार्यालयाचा चाल्या होतो. दारं-खिडक्यांना रंगीत कागदाच्या पट्ट्या, प्रत्येक टेबलावर गोड गोळ्या, निखाऱ्यावर धूप, आणि खोलीच्या चारी कोपऱ्यांत बिअरची धार, धरणीमातेने वर्षभर सांभाळावं म्हणून. एरवी दरवाजा न उघडणारे लोक त्या दिवशी एकमेकांच्या डोक्यावर मूठमूठ रंगीत कागदाचे तुकडे टाकत फिरतात. लिंबर्टच्या खोलीत तर पाय ठेवायला जागा नव्हती. बँडवाले जिन्यात उभे होते. लिंबर्ट खुशीत होता, ग्लास घेऊन कोपऱ्यात धार सोडत होता.

तेवढ्यात इंजिनियर आले. मागे संघाचा अध्यक्ष, हातात फुलांचा हार. त्यांनी तो लिंबर्टच्या गळ्यात घातला आणि कागदाच्या तुकड्यांच्या दोन मुठी त्याच्या टकलावर रिकाम्या केल्या. आमच्याकडे याचा अर्थ एकच होतो, आणि टाळ्यांत तो सगळ्यांच्या आधी त्यालाच कळला. हसणारा चेहरा तसाच राहिला, फक्त आतला माणूस निघून गेल्यासारखा झाला.

"उजवा हात वर, लिंबर्टसाहेब," इंजिनियर म्हणाले. "बोटांचा क्रूस करा. विद्यापीठाचे कायम सरचिटणीस म्हणून..."

"इंजिनियर, हे... आपण असं करू," लिंबर्ट म्हणाला. आवाज तोच, विद्यार्थ्यांना गार करणारा. "मान मोठा आहे. पण घाई नको. कार्निव्हल झालं की नीट बसून..."

बँडवाले वाजवायचे थांबले. मला वाटलं, निसटला हा. याही वेळेला निसटला.

"आजच आहे की कार्निव्हल, साहेब," दोन्या एमिलियाना म्हणाली.

ती टोमणा मारत नव्हती. ती आपल्या जागेवर उभी होती, डोक्यात कागदाचे तुकडे, हातात त्याचा ग्लास. जणू कोणी तारीख विचारावी आणि तिने सांगावी. लिंबर्टने तिच्याकडे बघितलं, मग गर्दीत मला शोधलं. मी नजर वळवली नाही. त्याने अंगठा बोटावर आडवा ठेवून क्रूस केला.

"शपथ घेतो," तो म्हणाला.

बँड एवढ्या जोरात सुटला की पुढचं काही ऐकू आलं नाही.

दुपारी मी आणि सुल्मा हर्बेरियममध्ये होतो. दार वाजलं. बाहेर लिंबर्ट, गळ्यात चिरडलेला हार, हातात हर्बेरियमची जुनी किल्ली, वीस वर्षं त्याच्याच जुडग्यात असलेली. मी मनात बरंच काही रचून ठेवलं होतं.

"आत ये," मी म्हणाले.

"नको," तो म्हणाला. "अंगावर बिअर सांडलीय. गोडावर कीड येते. कपाटांना लागायची." उंबऱ्याच्या बाहेरूनच हात लांब करून त्याने किल्ली सुल्माच्या हातावर ठेवली आणि खाली पडलेले कागदाचे दोन तुकडे वाकून उचलून घेतले.

सत्राच्या पहिल्या दिवशी सुल्मा अभिरक्षक म्हणून हजर होती. प्रतिमा सुधारणाऱ्यांनी दुसरी खिडकी शोधली. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही डोंगरावर जायचं ठरवलं, आणि जीपच्या परवानगीचा कागद वरून आला तो सही होऊन, खाली 'हंगामी' नसलेला. कागदामागोमाग तोही आला.

"जीपमध्ये जागा आहे का गं?" त्याने विचारलं. "पाहुणा म्हणून. मी कपाटांचं काही बोलणार नाही."

पायात ते बूट होते.

जीप चिखलात जिथपर्यंत जाते तिथे आम्ही उतरलो. सुल्मा पुढे, मग मी, मागे तो, रद्दीचा गठ्ठा पाठीवर घेऊन. पहिला ओढा आला. लिंबर्टने पाण्यात पाय टाकला, काढला, तर बुटाचा तळ दगडाला चिकटून मागेच राहिला. चिवड्यासारखा भुगा झाला होता त्याचा. दुसरं पाऊल टाकलं तर दुसराही गेला. वरचं चामडं मात्र आरशासारखं चकाकत होतं.

तो दगडावर बसला. मोज्यांतून पाणी गळत होतं. बूट हातात घेऊन त्याने उलटा केला, आत बोट घालून बघितलं.

"नील्दा," तो म्हणाला, "हे कधीपासून असे असतील?"

वीस वर्षं मी त्या बुटांवर बोलायची संधी शोधत होते. मी ओढ्यात उतरून मागे राहिलेले तळ उचलून आणले.

सुल्माने झाडं दाबायच्या फळ्यांचे पट्टे सोडले आणि त्याच्या पायाला तळ बांधून दिले. कसाबसा तो उठला. पुढच्या वळणावर त्याने एका वेलीशी थांबून तिला विचारलं, "हिचं नाव काय गं?" तिने सांगितलं. त्याने ते मोठ्याने दोनदा म्हटलं. मग पुढच्या झाडाशी थांबून पुन्हा विचारलं, पहिल्या वर्षाच्या पोरासारखं, जराही न लाजता. धुकं उतरत होतं आणि मागून त्या दोघांचा आवाज येत होता. मी पुढे चालत राहिले. त्या माणसासाठी मला रडू आलं, आणि त्याचाही राग मला त्याच्यावरच आला.